सात राज्यांतून बाबा

३ ऑक्टोबर, मंगळवार
आजपासून रोज लिहिणार. मागच्या वहीत दोनच पानं झाली, पण तेव्हा मी अलास्काला जायच्या गडबडीत होतो. (गेलो नाही. ते असो.)

वर्लिनकाकांनी बाबांचं काम संपवलं. पंचवीस काडतुसं, एक डबा. बाबांनी सांगितलं होतं तस्संच. अर्धे बाबा इथे मिसूरीत आईशेजारी, ते गेल्या महिन्यात झालं. उरलेल्या राखेची काडतुसं भरायची आणि व्हर्माँटच्या पाणथळीत, जिथे ते पोरवयात बदकं मारायचे तिथे, मोसमाच्या पहिल्या पहाटे त्यांच्याच बंदुकीतून आभाळात सोडायची. वर्लिनकाका म्हणाले, "हाताने भरलाय तुझ्या बापाला, पोरा. छर्रे कमी, बाप जास्त." मग नाक शिंकरलं. मी नाही. मी ठीक आहे.

डब्यावर त्यांनी मार्करने लिहिलंय: हॉलिस. व्हर्माँटआधी उडवू नये.

मोसम १४ला उघडतो. रस्ता दोन दिवसांचा. म्हणजे वेळच वेळ.

संध्याकाळी रोएनाताईचा व्हर्माँटहून फोन. विमानाने ये, तिकीट मी काढते. मी म्हटलं, बाबांना सामानात टाकू? ती म्हणाली, "तू गाडीने आलास तर वाटेत कुठेतरी विसरशील त्यांना." याचं उत्तर कृतीतून देणार.

संकल्प: जॅकेट धुवायचं. दोन महिने झाले.

४ ऑक्टोबर
दिवसभर कायद्याचा अभ्यास. आपल्या देशात बंदुकीचा कायदा म्हणजे पन्नास घरच्या पन्नास सासवा. एकीकडे कमरेला लावून चर्चमध्ये जा, कुणी मान वळवणार नाही. पलीकडच्या राज्यात तीच वस्तू घेऊन पेट्रोल भरायला थांबलात तर आत. इंटरनेटवरून रंगीत नकाशा छापून घेतला. हिरवी राज्यं सोपी, लाल कडक. वरचं बारीक वाचायला वेळ नव्हता. रंग पुरेत.

इलिनॉय लाल. तिथे काडतूस बाळगायलासुद्धा कार्ड लागतं म्हणे. म्हणजे मिसूरीत बाबा हे बाबा आहेत, आणि नदी ओलांडली की दारूगोळा.

निर्णय: इलिनॉय टाळणार. मिसूरीतून सरळ केंटकीत. मधे पूल नाही, पण फेरीबोट आहे. हे ताईला सुचलं नसतं.

५ ऑक्टोबर, दुपार
निघालो. बंदूक पेटीत कुलूपबंद. काडतुसं वेगळी. सगळं नियमाप्रमाणे.

वाटेत एक विचार आला. पोलिसाने डबा उघडला आणि आत घरी भरलेली काडतुसं निघाली, वर माणसाचं नाव, तर? शंका येणारच. मग कारखान्याच्या साध्या काडतुसांचा डबा घेतला आणि अदलाबदल केली. बाबा साध्या डब्यात, साधी बाबांच्या डब्यात. पोलीस बाबांचा डबा उघडतील आणि आत काय, तर कंपनीचा माल! अशा वेळी वाटतं, कॉलेज सोडलं ते उगाच नाही.

७ ऑक्टोबर
फेरी बंद. नदीचं पाणी उतरलंय. काल वाट पाहिली, आज वाट पाहिली. धक्क्यावरची बाई म्हणाली, पाऊस पडला की सुरू. कधी पडेल? म्हणाली, "ते मला कळलं असतं बाळा, तर मी इथे तिकिटं फाडत बसले असते?"

दोन्ही दिवस तळलेला मासा खाल्ला. काही वाटत नाही. म्हणजे मासा बरा होता. मी एकूणात म्हणतोय.

८ ऑक्टोबर
कळलं की थोडं खाली टेनेसीत जायला चांगला मोठा पूल आहे. आधीपासूनच. गेलो.

टेनेसी हिरवं. आता लपवाछपवीची गरज नाही, काडतुसं पुन्हा आपापल्या डब्यांत घालायची. डिकी उघडली, तेवढ्यात शेजारच्या मैदानात खेचरांचा लिलाव सुरू झाला. एक पांढरं खेचर होतं, डोळे अगदी बाबांसारखे. तुला सगळं कळतंय पण बोलण्यात अर्थ नाही, असे. ते विकलं जाईपर्यंत थांबलो. डब्यांचं उद्या.

जॅकेट: इथे लाँड्री नाही. पाहिली नाही, पण नसणार.

१० ऑक्टोबर, केंटकी
आजचा दिवस चांगला. लिहून ठेवतो, कारण असा दिवस बरेच आठवडे नव्हता.

खडीच्या एका जुन्या खाणीजवळ पाटी दिसली: चकत्यांवर नेमबाजी, बक्षीस पाय. (खायचा पाय, गोड सारण भरून भाजलेला.) ट्विला नावाच्या बाई चालवतात. साठीच्या, डोक्यावर नवऱ्याची टोपी. मातीच्या चकत्या यंत्रातून भिरकावतात, आपण हवेत फोडायच्या. मी विचारलं, परवाना, कार्ड, काही लागतं? बाई म्हणाल्या, "पाच डॉलर लागतात, राजा."

बाबांची बंदूक काढली. काडतुसांच्या बाबतीत पूर्ण सावध होतो. वर्लिनकाकांचं अक्षर असलेला डबा डिकीतच ठेवला, हातसुद्धा लावला नाही. साधा डबा घेतला.

पंचवीसच्या पंचवीस हुकल्या. काडतुसांचा मालच रद्दी. धक्का कमी, आणि प्रत्येक वेळी राखाडी भुकटीचा ढग. वारा समोरून, सगळी भुकटी अंगावर. ट्विलाबाई मागून ओरडत होत्या, "अरे, चकती तिकडे गेली! तू काय स्वर्गाला सलामी देतोयस?" सगळे हसले. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

बंदुकीचा दस्ता गालाला लावला की बाबांच्या दाढीच्या साबणाचा वास येतो. बाबा असते तर म्हणाले असते, नेम जाऊ दे, निदान डोळे तरी उघडे ठेव. का कोण जाणे, शेवटचं काडतूस उडालं तेव्हा मोकळं वाटलं.

बाईंनी हरणाऱ्यालाही पाय दिला. पेकनचा, म्हणजे अक्रोडाच्या भावकीतला. अर्धा ताईसाठी ठेवलाय.

संकल्प: जॅकेट आता नक्की. झटकलं तरी ढग उडतो.

१२ ऑक्टोबर
ओहायो ओलांडलं. पाय संपला. पेनसिल्व्हेनियाच्या अलीकडे लक्षात आलं की डब्यांची अदलाबदल उलटी करायची राहिलीय. मग लक्षात आलं की आता डबा एकच उरलाय, त्यामुळे तो प्रश्नच मिटला.

मग थोडा वेळ गाडी बाजूला घेऊन थांबलो. कशासाठी ते आता आठवत नाही. एक ट्रकवाला काच ठोकून विचारून गेला, बरा आहेस ना? म्हटलं, ठीक आहे.

डब्यावर नाव आहे. वर्लिनकाका खोटं लिहिणार नाहीत.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार
न्यूयॉर्क. नकाशावर सगळ्यांत लाल. टाळता येत नाही. न्यूयॉर्क न ओलांडता व्हर्माँटला जायचं तर कॅनडातून, आणि कॅनडा माझ्या नकाशावर नाही.

मागचा दिवा गेला होता, म्हणून पोलिसाने अडवलं. मी न विचारता सगळं सांगून टाकलं. बंदूक, पेटी, कुलूप, फेरी, इलिनॉय. नकाशाही दाखवला. त्याने तो उलटसुलट पाहिला. म्हणाला, "वर काय लिहिलंय ते वाचलंस का? हा कपड्यांखाली पिस्तूल लपवून फिरणाऱ्यांचा नकाशा आहे." मग डिकीतल्या बंदुकीकडे पाहिलं. चार फुटांची आहे. "ही कुठे लपवणार होतास? पायजम्यात?"

प्रवासी माणूस, रिकामी शॉटगन, पेटीत बंद. म्हणाला, अशी इलिनॉयमधूनही नेता आली असती. मी म्हटलं, मला तसा अंदाज होताच.

त्याने विचारलं, "आणि हा हॉलिस कोण?" म्हटलं, बाबा. डबा उघडून दाखवला. काडतुसं नवीकोरी, कंपनीचं नाव छापलेलं. वर्लिनकाकांनी टरफलं भारीतली वापरलेली दिसतात. दिलदार माणूस.

पोलिसाने टोपी काढली. मग म्हणाला, "आमच्या सासूबाईंना आम्ही फटाक्यात घातलं. छान उडाल्या." दिवा बदलून घे म्हणाला, दंड केला नाही.

संध्याकाळी ताईकडे पोचलो. एक दिवसही उशीर नाही. तिने आधी मला मिठी मारली आणि मग डब्याला. नाव वाचलं. म्हणाली, "आणलंस रे. मला वाटलं नव्हतं." नऊ दिवस याच वाक्यासाठी गाडी चालवली. मी पाण्याचा ग्लास मागितला.

१४ ऑक्टोबर, शनिवार
पहाटे होडीतून पाणथळीत. ताई, तिचा नवरा अँसेल आणि मी. थंडी. वेळ झाल्यावर आळीपाळीने बंदूक धरली. ताईने प्रत्येक बाराला काहीतरी म्हटलं. सूप. सायकल. आईचं नाव. माझ्या पाळीला मी डोळे उघडे ठेवले.

धूर स्वच्छ होता. राखाडी असं काही नाही. हवा दमट असेल. ताई रडत म्हणाली, "गेले." मी म्हटलं, हो.

अँसेल फारसा बोलत नाही. होडीच्या तळातलं एक रिकामं टरफल उचलून त्याने उजेडात फिरवून पाहिलं. मग माझ्याकडे. मग माझ्या जॅकेटच्या बाहीकडे, बराच वेळ. टरफल खिशात टाकलं. म्हणाला, "तुझा वर्लिन फार टापटिपीचा दिसतो," आणि वल्ही मारायला लागला.

परतल्यावर ताईने पॅनकेक केले. म्हणाली, "कुठे लोळून आलास? किती ती धूळ! काढ जॅकेट, मशीन लावतेय." मी म्हटलं, नको. म्हणाली, अरे दे इकडे, आणि कॉलरला हात घातला. मी तिचा हात धरला. जरा जोरातच धरला असावा. म्हटलं, थंडी वाजतेय.

स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली होती. अँसेल म्हणाला, "रोएना, असू दे."

जॅकेट अंगावरच आहे. झटकायचं नाही, धुवायचं नाही. हा संकल्प जमेल.