पडद्यावर तेव्हा काय होतं

बाबा, तू गेलास तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे मी काय काम करते हे तुला ठाऊक नाही. मी लोकांना खेळताना बघते. टीव्हीला जोडायचे गेम बनवणाऱ्या कंपन्यांना आधी माहिती हवी असते, की कोण खेळतो, कुठे कंटाळतो, कशाने उठून जातो. ती आमचं ऑफिस काढून देतं. कधी खेळणाऱ्यांना बोलावून काचेआडून बघायचं, कधी त्यांच्या घरी जाऊन कोपऱ्यात बसायचं.

तू पनवेलच्या बाजारातून माझ्यासाठी गेम आणला होतास. तळोज्याच्या कारखान्यातून येतोस, अंगाला तो आंबूस वास, आणि चहा घेऊन माझ्यासमोर बसतोस. पाठ टीव्हीकडे, नजर माझ्या तोंडावर. "आय जेवाला बोलावते, आयकाला येत नाय का गो?" मी नुसतं "आले" म्हणते आणि हलत नाही. मग स्वयंपाकघरात तू आईला हळूच म्हणालास, "पोरीची पापनी पन हालत नाय. मना भ्या वाटतं." मला हसू आलं होतं.

मागच्या महिन्यात एका सहकाऱ्याबरोबर सुकापूरला एका घरी गेले. लहान मुलं असलेले बाप घरी कसे खेळतात, हे कंपनीला बघायचं होतं. चौथा मजला. बायको कामावर, नवरा घरी, तीनेक वर्षांची मुलगी भांडी मांडून बसलेली. माणूस चांगला होता, आम्हाला चहा दिला, मुलीचं नाक पुसलं, मग विचारलं, "मॅडम, रोजच्यासारखंच खेळू ना?" माझ्या सहकाऱ्याने कॅमेरा लावला. आमचा नियम असा, की मध्ये पडायचं नाही. थोड्या वेळाने मुलीने स्टूल ओढत खिडकीपाशी नेलं. कपडे वाळत घालायला ग्रिलचं दार उघडं ठेवलेलं होतं. ती म्हणाली, "पप्पा." तो म्हणाला, "हं." ती स्टुलावर चढली. "पप्पा, बघ ना." "बघतोय, बाळा." डोळे पडद्यावर. मी सहकाऱ्याकडे पाहिलं, त्याने मान हलवून नको म्हटलं. तिचा गुडघा चौकटीवर गेला तशी मी धावले आणि तिला कमरेला धरून खाली ओढलं. ती किंचाळली, तेव्हा कुठे तो वळला. "मी इथंच होतो ना मॅडम," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. माझ्यादेखत त्याने ग्रिलला कुलूप घातलं आणि बायकोला फोन लावला, पण बोलता येईना, म्हणून फोन मी घेतला.

कंपनीच्या लोकांशी कॉल झाला तेव्हा नियम मोडला म्हणून बोलणी खायची तयारी ठेवून बसले होते. तिकडच्या बाईने ते चित्रण दोनदा पाहिलं. मुलगी बरी आहे ना, असं अगदी मनापासून विचारलं. मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, "तिने दुसऱ्यांदा हाक मारली, पडद्यावर तेव्हा काय होतं?" मी सांगितलं, लढाई संपत आलेली आणि ती संपायच्या आत पुढचं दार उघडताना दिसत होतं. ती म्हणाली, "हेच शोधत होतो आम्ही. हे अजून लांबवता येईल." कुणाचा आवाज चढला नाही, कुणी वाईट वागलं नाही. बाबा, मला भीती वाटते ती याचीच. आता सोसायटीत कुठलंही पोर दुसऱ्यांदा हाक मारायला लागलं की मी वर खिडक्यांकडे बघत उभी राहते.

मला घरभेटी नकोत, असं मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्याइतकं बारीक कुणाला दिसत नाही हो. तुम्हीच जा." उद्या नेऱ्याला एका घरी जायचंय. मी हो म्हटलंय. हे लिहून मी पाठवणार तरी कुठे, म्हणून तुला सांगते, साहेब तसं म्हणाले तेव्हा मला बरं वाटलं.