मेधाच्या नावाचं पान

१२ ऑगस्ट २००७, सेंगकांग, सिंगापूर

आले बाई एकदाची! विमानात डोळ्याला डोळा नाही, कानांना दडे बसलेले. पण हे विमानतळावर फुलं घेऊन उभे दिसले आणि सगळा शीण उतरला. छत्तिसाव्या वर्षी लग्न झालेल्या बाईला कोणी फुलं आणतं का? मला आणली. सोलापुरात बँकेच्या काउंटरवर बसूनच हिचं वय जाणार, असं दोन्ही वहिन्या म्हणायच्या. आता बसा म्हणावं जळत.

घर नवव्या मजल्यावर आहे, स्वच्छ, भरपूर वाऱ्याचं. खिडकीखालून एलआरटी नावाच्या छोट्या रेल्वेचा एकुलता एक डबा वळसा घेत जातो. कपडे लांब बांबूंवर घालायचे आणि ते बांबू खिडकीबाहेर खोचायचे, अशी इथली पद्धत. माझा परकर खालच्या चिनी आजोबांच्या डोक्यावर पडायचा, असं मी म्हटलं तेव्हा श्रिया खुदकन हसली. ही ह्यांची अकरा वर्षांची मुलगी. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र इंग्रजीत, शेवटी 'ला' लावून. मला आँटी म्हणते. म्हणू दे, पोर गोड आहे.

इथे दिवसभर बोलायला कोणी नाही, म्हणून ही वही.

१९ ऑगस्ट

मेधा, ह्यांची पहिली बायको, दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. हे मला माहीत होतं, डोळे उघडे ठेवून बोहल्यावर चढले मी. पण गेलेली बाई घरात इतकी जागा अडवते, हे कोणी सांगितलं नव्हतं. मसाल्याच्या डब्यांवर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या, दारामागे तिची छत्री. ती ह्यांना 'हेम' म्हणायची, अरे-तुरे करायची. मी अहो हेमचंद्रराव करत फिरते आहे.

आज तिची मैत्रीण ऋता पासिर रिसहून आली होती. ती बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, आता इथलीच नागरिक. मी पोहे केले. तिने एक घास घेतला आणि सांगितलं की मेधा वरून ओलं खोबरं घालायची. मग मेधा कशी पोहायची, मेधा कशी बोलायची. हे मान खाली घालून ऐकत होते, आणि चेहऱ्यावर असं हसू, जे मी अजून पाहिलं नव्हतं. मेलेल्या माणसाचा मत्सर करू नये, कळतं मला. कळून काय उपयोग?

२ सप्टेंबर

देव पावला! ह्यांचं ऑफिस हार्बरफ्रंटला, जहाजाने जाणाऱ्या मालाचं काम बघतात. कंपनी अमेरिकेच्या दक्षिणेत सॅव्हाना नावाच्या लहानशा बंदराच्या शहरात ऑफिस उघडते आहे आणि ह्यांना तिथे पाठवायचं म्हणते. हो की नाही ते दिवाळीपर्यंत कळवायचं.

मी कॉम्प्युटरवर फोटो बघितले. मोठाली झाडं, त्यांवरून लोंबणारं राखाडी शेवाळ, घरांना ओसऱ्या. हे म्हणतात, तिथे मराठी माणूस औषधालाही मिळणार नाही, श्रियाची शाळा मोडेल, इथे जम बसलाय. सगळं खरं. मी मात्र मनातल्या मनात बॅगा भरल्यासुद्धा. तिथे पहिलं पाऊल माझं पडेल. तिथल्या भिंतींना मेधा ठाऊक नसेल. ह्यांनी हो म्हणावं, एवढंच मागणं आहे.

१६ सप्टेंबर

गणपतीचं जेवण ऋताकडे होतं. भांडी आवरताना तिने हळूच सांगितलं की सॅव्हानाला ऑफिस उघडायचं तीन वर्षांपूर्वीही घाटत होतं, ह्यांना बोलावणंही आलं होतं. मेधाने उड्या मारल्या होत्या. घरसुद्धा पसंत करून ठेवलं होतं, पिवळ्या दाराचं. मग तिचे रिपोर्ट आले आणि सगळं राहिलं. तिच्याशिवाय तिथे जायला हेमचंद्रचा पाय कसा निघेल, असं वर मलाच विचारलं.

म्हणजे मी जिथे पळून जाणार, ते गावही मेधाचंच! घरी आल्यावर ह्यांना सरळ विचारलं. म्हणाले, ती असती तर केव्हाच गेलो असतो. आणि मी? मी काय ह्यांच्या घरात पाहुणी आहे का? रागाने जेवले नाही, तेही कोणाच्या लक्षात आलं नाही.

४ ऑक्टोबर

आज अविधवा नवमी. सासूबाईंनी पुण्याहून फोन करून बजावलं होतं. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने आज सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची. ती तृप्त झाली की वाट मोकळी करून देते, मग खुशाल अमेरिकेला जा. वाट मोकळी होणार म्हटल्यावर मी पदरच खोचला. टेक्का मार्केटमधून केळीचं पान आणलं. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी केली. ऋता सवाष्ण म्हणून येणार होती. ऐन जेवायच्या वेळी तिचा फोन, ऑफिसात ऑडिट लागलंय, निघता येत नाही. गुरुवारी भर दुपारी या गावात दुसरी सवाष्ण मी कुठून पैदा करू?

तेवढ्यात ओटीची साडी उघडून बघितली. ह्यांनी स्वतः निवडून आणलेली, अंजिरी रंगाची, माझ्या लग्नातल्या साडीहून भारी. तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, मीही सवाष्णच की! ती साडी नेसले, आपल्या हाताने कुंकू लावलं, आपल्याच पदरात ओटी घातली आणि बसले पानावर. वर कुजकटपणे मोठ्याने म्हणाले, मेधाबाई, पोटभर जेवा हो, संकोच करू नका. आणि मीच उत्तर दिलं, जेवते. दोनदा मागून खीर खाल्ली. खीर मला आवडत नाही.

संध्याकाळी सासूबाईंना हसत हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, अगं, घरच्या बाईने त्या पानावर बसायचं नसतं. त्या पानावर जी बसते ती तेवढ्यापुरती मेधाच असते. बाहेरची सवाष्ण जेवून आपल्या घरी निघून जाते. तू उठून कुठे गेलीस?

म्हाताऱ्या माणसांचं काहीतरीच.

७ ऑक्टोबर

हे सॅव्हानाला तयार झाले! म्हणाले की काल तू इतकं छान समजावलंस, माझी भीतीच गेली. काल मी दुपारभर झोपले होते असं मला वाटतंय. असो, बोलले असेन. श्रियाने आज मला आँटी नाही, मम्मा म्हटलं. जिंकले गं बाई! ऋताला मुद्दाम फोन करून सांगितलं.

१४ ऑक्टोबर

बांबूवर पोहण्याचा पोशाख वाळत होता. माझ्या मापाचा. माझे केस ओले, अंगाला तलावाच्या औषधाचा वास. श्रिया कौतुकाने सांगत होती, मम्मा स्विम सो फास्ट ला. मला पोहता येत नाही. सोलापुरात आमच्या नळाला चार दिवसांआड पाणी यायचं, मी कुठे पोहायला शिकणार?

२० ऑक्टोबर

सकाळी ह्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. काल संध्याकाळी सांगितलेली गोष्ट पुन्हा सांग म्हणाले. कुठली गोष्ट? संध्याकाळ मला आठवत नाही. मी अहो म्हटलं तसा हात काढून घेतला.

ते हसू त्यांच्या चेहऱ्यावर होतं. ऋता आली होती तेव्हाचं. ते मला बघून मावळलं.

माझ्या तोंडाने कोण बोलतंय त्यांच्याशी? माझ्या खांद्यावर डोकं टेकतात म्हणे, आणि त्या वेळी तिथे मी नसते. मातीची सवतसुद्धा नको म्हणतात बायका. माझी तर माझ्याच अंगात राहते आहे.

२८ ऑक्टोबर

सासूबाईंना फोन केला. रडले. उपाय विचारला, पाया पडते म्हटलं. त्यांनी विचारलं, कोण बोलतंय? मी सुलेखा म्हटलं. त्यांचा आवाज पडला. म्हणाल्या, बरं. मग मी संध्याकाळी करते फोन.

संध्याकाळी!

म्हणजे त्यांच्याशीही बोलते ती. आणि त्यांनाही तीच हवी आहे.

५ नोव्हेंबर

ह्यांनी सही केली. व्हिसाची मुलाखत झाली. मी दिली म्हणे, फाडफाड इंग्रजीत. पासपोर्टवर नाव माझं, फोटो माझा. घर ठरलं — दार पिवळं आहे. मी विचारलंच नव्हतं, श्रियानेच सांगितलं, नाचत.

आता संध्याकाळ दुपारीच सुरू होते. मला सकाळचं थोडं मिळतं — तेवढ्यात लिहिते —

९ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

आज सांगून टाकलं. अहो, नको मला सॅव्हाना, इथेच राहू, तिच्याच डब्यांत, तिच्याच छत्रीखाली, मी तोंडातून ब्र काढणार नाही. तुमच्याशी बोलते ती मी नाही —

ते दचकले नाहीत.

त्यांना माहीत होतं. पहिल्याच दिवसापासून. तिने हेम अशी हाक मारली तेव्हाच, म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. माझ्यासाठी नव्हतं.

तारीख — कळत नाही

खोकी बांधलेली. भिंती मोकळ्या. टॅक्सी खाली आली आहे, श्रिया लिफ्टपाशी —

मी पलंगाची कड धरून बसले, निघणार नाही म्हटलं. ते समोर गुडघ्यांवर बसले. हात जोडले मला. तुम्ही खूप केलंत आमच्यासाठी, म्हणाले. तुम्ही! बायकोला — आता जा, म्हणाले. विमानात ती हवी. तिला खिडकीची जागा आवडते —

मला एकदाही विचारलं नाही कुठली आवडते.

लिहितेय तोवर मी आहे. म्हणून लिहितेय. ते बसलेत समोर, माझ्या तोंडाकडे बघत, लग्नात बघितलं नाही इतकं प्रेमाने — मी जायची वाट बघत —

जाणार नाही. माझा नवरा आहे. माझं नाव सुलेखा. सुलेखा हेमचंद्र — सोलापूरची — माझ्या आईचं नाव — आईचं —

हेम, अरे चल ना, किती वेळ —

नाही! मी अजून —