पाहुण्याला नाही म्हणणारी चिझुरु

दादांना आणि मित्सुएवहिनींना कुनिहारूचा कमरेत वाकून नमस्कार. (खरोखर वाकलेलाच आहे. मंगळवारपासून सरळ होता येत नाही, कारण पुढे येईलच.)

तुमच्याकडे कागोशिमाला प्लमची झाडं फुलली असतील आणि ज्वालामुखीची राख अंगणात पडत असेल. ती झाडून वहिनींची पाठ अजून दुखते का? इथे आम्ही सगळे मजेत. दारापुढची टपालपेटी गुरुवारपासून बर्फाखाली आहे, त्यामुळे हे पत्र पोस्टात स्वतः नेऊन देणार आहे.

आता मुद्द्याचं. तुम्ही लिहिलंत की चिझुरुला डोंगरावरून खाली आण, बँकेत तिच्यासाठी शब्द टाकलाय, आणि मुलाखतीचा सूटही पाठवलात. तुमचा शब्द मी कधी मोडलेला नाही. मी ठरवलं, की पोरगी ज्या पाहुण्यांना स्कीवरून रानातल्या डोंगरावर नेते त्यांच्यात आपणही सामील व्हायचं, आणि शिखरावर भाताचे गोळे खाताना हळूच विषय काढायचा. तो निघाला नाही, यात माझा दोष नाही. (थोडा आहे.)

पहिलं विघ्न पायथ्यालाच. तिथे प्रत्येकाच्या छातीवर एक यंत्र बांधतात, बीकन म्हणतात त्याला. माणूस हिमलोटाखाली गेला तर ते आतून खुणा पाठवत राहतं आणि बाकीचे आपापल्या यंत्रावर आकडे बघत त्याच्यापर्यंत पोचतात. चिझुरु वाटेवर उभी राहते आणि एकेकाला समोरून जायला लावून यंत्र तपासते. माझं पाहून ती थांबली. बॅटरी जवळजवळ संपलेली. झालं असं, की यंत्र घरी आलं त्याच दिवशी तुमच्या भावजयीने, म्हणजे हात्सुमीने, ते रीतीप्रमाणे पूर्वजांच्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. आपल्याकडे नवी वस्तू आधी त्यांना दाखवतात हे ठीक, पण हिने ते चालू करून ठेवलं. म्हणे, शिगेनोबुला दिवा लुकलुकताना दिसू दे. दहा दिवस ते आपल्या धाकट्या शिगेनोबुच्या फोटोपुढे लुकलुकत होतं.

"बाबा, काकांना यंत्र दाखवलंत ते छान केलंत. आता बॅटऱ्या बदला, नाहीतर गाडीत बसा," चिझुरु म्हणाली. चार पाहुण्यांदेखत. मी मुकाट्याने बदलल्या.

दुसरं विघ्न म्हणजे मी स्वतः. गारठ्याच्या भीतीने अंगाला उष्णतेच्या अकरा पुड्या चिकटवल्या होत्या, वर लोकरी पोटपट्टा. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या लावून चढायचं असतं, म्हणजे मागे घसरायला होत नाही. पण चढताना माणूस किती तापतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (चिझुरुने सांगितलं होतं, तीनदा.) अर्ध्या तासात मी वाफाळायला लागलो आणि भूर्जाच्या झाडाआड उभा राहून एकेक पुडी सोलत बसलो. वळणावर तर एक स्की पूर्वेला, दुसरी पश्चिमेला, मधे मी. कमरेचा निकाल तिथेच लागला. पोरीने ओढून उभं केलं, हसली मात्र नाही. हसण्याचं काम निशिओकांनी केलं.

हे निशिओका म्हणजे तोक्योचे निवृत्त संचालक. आपल्याच सरायीत सोळा वर्षं उतरतात, त्यांची खोली ठरलेली, त्यांची आंघोळीची वेळ ठरलेली. शिखर अगदी समोर दिसत होतं, मधे फक्त एक गुळगुळीत उतार, आणि चिझुरु फावडं काढून खड्डा खणायला लागली. खड्ड्याच्या भिंतीत तिने बर्फाचा एक उभा खांब सुटा केला, त्यावर फावड्याचं पातं ठेवलं आणि थर किती घट्ट बसलेत ते पाहायला वरून थापा मारू लागली. दहा मनगटातून, मग कोपरातून. कोपराच्या दुसऱ्याच थापेला वरचा अख्खा थर तोफूच्या वडीसारखा सरकून तिच्या मांडीवर आला.

"इथून मागे," ती म्हणाली.

"अहो, शंभर मीटर राहिलेत. मी तोक्योहून आलोय," निशिओका म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "नुमाताजी, सांगा की मुलीला."

दादा, खरं सांगतो, माझं तोंड उघडलं होतं. एकतीस वर्षं मी पाहुण्याला 'नाही' म्हटलेलं नाही. वडिलांनी तेच शिकवलं. त्या मार्चमध्येही पाहुणा हट्टाला पेटला होता, वडील म्हणाले पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं, आणि शिगेनोबु त्याला घेऊन वर गेला. तुम्ही आणि मी दारात उभे राहून त्याला निरोप दिला. तोही 'येतो' म्हणाला.

पण मी बोलायच्या आत चिझुरु वाकली. आपल्या दारात आपण वाकतो तशीच, हात मांडीवर, पाठ सरळ. "तुमची निराशा केली, माफ करा. पण आज नाही." निशिओका बरंच बोलले. ती आणखी वाकली. त्यांनी सोळा वर्षांचा दाखला दिला. ती त्याहून वाकली, पण जागची हलली नाही. मग एकेकाला, मधे अंतर ठेवून, झाडांतून खाली नेलं.

उतार कोसळला का, असं तुम्ही विचाराल. नाही कोसळला. आजही तसाच आहे. मी घरी तिला म्हटलं, म्हणजे चुकलंच की तुझं. ती चहा ओतत म्हणाली, "असेल. निशिओकांना उद्या पुन्हा विचारते, बर्फ बसला असेल तर नेते." मला तिचा असा अभिमान वाटला की मी चहा तसाच ठेवून सरपण आणायला बाहेर गेलो आणि बराच वेळ तिथेच थांबलो. बँकेचं राहूनच गेलं.

तुमचा आज्ञाधारक भाऊ (या एका बाबतीत सोडून),
कुनिहारू

ता. क. सूट फार सुंदर आहे. चिझुरु तो घालून निशिओकांच्या घरी आभाराच्या भेटीला जाणार आहे. त्यांनी पुढच्या हिवाळ्यासाठी तिलाच सांगून ठेवलंय.

आणखी ता. क. काल मी यंत्र पुन्हा देव्हाऱ्यात ठेवलं, या वेळी जाणूनबुजून, चालू करून. दुसरं हातात घेऊन न्हाणीघराच्या दारापासून शोधत निघालो. अठरा मीटर, अकरा, चार. शिगेनोबुच्या फोटोपुढे गुडघ्यावर बसलो तेव्हा आकडा चाळीस सेंटिमीटर होता. चिझुरु घड्याळ लावून उभी होती. एक मिनिट पन्नास सेकंद लागले. दादा, त्या वर्षी त्याला बर्फाखालून शोधायला आपल्याला एप्रिल लागला होता.

शेवटचं ता. क. हे पत्र खरं तर एवढ्याचसाठी. त्यानंतर तुम्ही इथल्या बर्फावर पाय ठेवलेला नाही. चिझुरु म्हणते, काकांना मी नेईन, शिगेनोबुकाका जिथे सापडले तिथवर, पण दिवस मी ठरवणार आणि मागे फिरा म्हटलं की फिरायचं. त्यासाठी तुमच्या मापाचे स्कीचे बूट तयार ठेवायचेत. तुमच्या पायाचं माप कळवा.