वासाच्या खोलीतला डबा

प्रिय धाकटी,

तुला मी हे नाव ठेवलेलं नाही, ते ह्यांचं. साबणाच्या कारखान्यात, तुमच्या त्या वासाच्या खोलीत तू सगळ्यांत लहान, म्हणून घरी बोलताना तू कायम धाकटीच. तुझं खरं नाव मी फक्त पाकिटावर घातलंय, कारण पोस्टमनला धाकटी म्हणून भागणार नाही. मी कोण हे तू ओळखलं असशीलच. तुझ्या पोटात रोज दुपारी माझ्या हातचं थोडंफार जातं. हे पत्र डब्यातूनही पाठवता आलं असतं, पण तो डबा तिकडे आधी कोण उघडतं याची मला खात्री नव्हती. आणि खात्री नसली की माझं डोकं कसं चालतं, ते पुढे वाचशीलच.

तू आलीस तेव्हाची गोष्ट आधी सांगते. तुमच्या खोलीत कच्चा कांदा, लसूण, मासळी पूर्वीपासूनच बंद. दुपारच्या बॅचचा वास घेताना नाकात जेवण राहता कामा नये म्हणून. पण तू आल्यावर एक दिवस हे घरी येऊन म्हणाले, अगं, धाकटी शाकाहारी आहे, चौघांचे डबे टेबलाच्या मधोमध उघडतात, तिने काय नुसतं बघत बसायचं का? आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, उद्यापासून अंडंसुद्धा नाही. मला ते इतकं आवडलं! मी खास तुझ्यासाठी वेगळी सुरी आणि चिरायची वेगळी फळी काढली. तुझ्या वाटणीचं ज्या पातेल्यात शिजतं त्यात आमचं रात्रीचं मटण कधी शिजत नाही. बाजारातलं तयार सूप आणायचे, ते हाडांच्या पाण्यात करतात असं कळल्यावर बंद केलं. वाटाणे, भोपळा, बटाटे, हिरव्या शेंगा, जिरं अगदी बेताचं. पडदे शिवणारी बाई आहे मी, माप घेतल्याशिवाय कात्री लावत नाही. तुझंही माप असंच दुरून घेतलं.

मग थंडीत ह्यांना तो मोठा ताप आला. महिनाभराने पुन्हा कामावर जायला लागले आणि डबा घासून यायला लागला. तू म्हणशील, त्यात काय एवढं? बाई गं, लग्न झाल्यापासून ह्या माणसाने पाणी प्यायलेला पेला कधी विसळलेला नाही. डबा यायचा तो झाकणाला भाजी लागलेला, चमचा गायब. आणि आता चकचकीत, कडा पुसलेल्या, चमचा कागदात गुंडाळलेला. विचारलं तर म्हणाले, धाकटी स्वतःच्या डब्याबरोबर धुते. मी हे ताईला फोनवर सांगितलं. माझी ताई म्हणजे आगीत तेल ओतायला सदा तयार. ती म्हणाली, जी बाई दुसऱ्याच्या नवऱ्याचा डबा घासते, ती फक्त डब्यावर थांबत नाही.

मी हसले, पण ते डोक्यात राहिलं ते राहिलंच. त्यात घरातलं वागणं बदललेलं. पूर्वी हे जिन्यातूनच ओरडायचे, आज भोपळा, आणि जिरं जरा जास्त झालंय! शेजाऱ्यांनाही त्यांच्या घरी काय शिजतंय ते ह्यांच्याकडून कळायचं. तापानंतर ते बंद झालं. येतात, हात धुतात, टेबलापाशी बसतात आणि मी पातेल्याचं झाकण उघडेपर्यंत विचारत राहतात, काय आहे आज? मला वाटलं, माझ्या स्वयंपाकातलं ह्यांचं मनच उडालं. दुसऱ्या कुणाच्या हातची गोडी लागली की असंच होत असावं, असंही वाटलं. खोटं कशाला बोलू, मी त्या दिवसांत तुझ्या नावाने रडलेही.

एकदा भात खाली लागला. मी वरवरचा काढून डब्यात भरला, पण धुराचा वास त्यालाही होताच. दुसरं करायला वेळ नव्हता. संध्याकाळी म्हटलं, आता बोलणी खायची तयारी ठेवू. तर हे म्हणतात, भात काय मस्त मोकळा झाला होता! धुरकटलेला भात ह्यांनी खाल्ला असता तर दारातूनच तोंड सुरू झालं असतं. म्हणजे ह्यांनी तो खाल्लाच नाही. म्हणजे तू खाल्लास आणि ह्यांनी तुझा डबा खाल्ला. वर दुसऱ्या दिवशीचा निरोप तर ऐक, धाकटी म्हणतेय की काही दिवस भात नको, पाव दे. आता माझ्या स्वयंपाकघरात काय शिजायचं तेही तूच ठरवणार? त्या दिवशी मी पाव असा कापला की ताईने पाहिलं असतं तर सुरी काढून घेतली असती.

मग मी तुला बघायला आले. डबा मुद्दाम घरी ठेवून घेतला आणि विसरलेला डबा द्यायला आले म्हणून फाटकावर सांगितलं. पहारेकऱ्याने मला तुमच्या खोलीच्या काचेबाहेर बाकावर बसवलं. तुम्ही चौघं वास लावलेल्या कागदाच्या पट्ट्या नाकाखाली धरत होतात, बोलणं बंद, माना खाली. तू मला वाटली होतीस तशी मुळीच नव्हतीस, केस कसेतरी बांधलेले, बाहीला शाईचा डाग. तरी माझा जीव भांड्यात पडला नाही, कारण हे प्रत्येक पट्टी हुंगून झाली की तुझ्याकडे बघायचे. प्रत्येक वेळी! तू कधी पेन्सिल टेबलावर आडवी ठेवायचीस, कधी मुठीत उभी धरायचीस. तू वर बघत नव्हतीस, पण पेन्सिल आडवी झाली की ह्यांची पट्टी उजव्या खोक्यात, उभी राहिली की डाव्या. मी मनात म्हटलं, झालं, ही ह्यांची खुणांची भाषा. डबा पहारेकऱ्याकडे दिला आणि घरी आले. अर्धवट शिवलेला पडदा तीनदा उसवला.

पुढचं मला घरातच सापडलं. एका सुट्टीच्या सकाळी हे स्वयंपाकघरात पेपर वाचत बसले होते, शेगडीकडे पाठ करून. मी पुढच्या खोलीत मशीनवर. दूध करपल्याचा वास मला तिथवर आला. धावत गेले तर पातेलं काळं पडलेलं, आणि हे हातभर अंतरावर निवांत. मला धावताना बघून विचारतात, काय झालं गं? मी पातेलं उचलून नळाखाली धरलं. संशय माझा तसाच होता, फक्त त्याने आता तुझ्याऐवजी दुसरीकडे तोंड वळवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी न्हाणीघरातला ह्यांच्या कारखान्याचा लिंबाचा साबण उचलला आणि तिथे दुसऱ्या कंपनीचा गुलाबाचा ठेवला, रंगाने तसाच. ज्या माणसाने सगळी उमर साबण हुंगण्यात घालवली, तो माणूस गुलाबाने घमघमत, गुणगुणत बाहेर आला आणि म्हणाला, टॉवेल कुठाय? मी टॉवेल दिला आणि गच्चीवर जाऊन बसले.

तिथे बसून सगळं उलगडत गेलं. तापाने ह्यांचं नाक नेलं, आणि ते फक्त तुला माहीत आहे. ह्यांच्या डब्यात काही आंबलंय का, हे खायच्या आधी तू बघतेस, आणि डब्याला वास राहू नये म्हणून तो घासतेसही तूच. त्या धुरकट भाताचा वास बाकीच्यांना कळू नये म्हणून तूच काहीतरी सारवासारव केली असणार, पावाचा निरोपही त्यासाठीच. आणि ती पेन्सिल, वास चांगला की बिघडलेला हे ह्यांना सांगणारी! अगं, तिच्यावर तर आमचं घर चाललंय. मला तुझे पाय धरावेसे वाटले आणि त्याच वेळी तुझा राग आला. माझ्या नवऱ्याचं एवढं मोठं दुःख मला सोडून तुला कळावं? मी कोण मग, नुसती डबा भरणारी?

आता तुला हे का लिहितेय ते. परवा हे घरी आले ते पांढरे पडून. तुमचे मोठे साहेब निवृत्त होतायत आणि त्यांच्या जागी ह्यांना बसवायचं घाटतंय. सोमवारी ते स्वतः समोर बसून तुमच्या टेबलावर पट्ट्या ठेवणार आणि मग नाव पक्कं करणार. हे सांगताना हे हसले, जेवले मात्र नाहीत. धाकटी, साहेबांची केबिन बंद असते. तिथे एकट्याने हुंगायचं असतं, तिथे तुझी पेन्सिल दिसणार नाही. पहिल्याच आठवड्यात एखादी बिघडलेली बॅच बाहेर जाईल आणि ह्यांचं आयुष्यभराचं नाव मातीला मिळेल. आणि ती खुर्ची खरी कुणाची? तापाच्या आधी हेच मला म्हणाले होते, धाकटीसारखं नाक मी कुणाचं पाहिलं नाही. मी घरी विषय काढायचा प्रयत्न केला. तोंड उघडलं की हे नळ गळतोय म्हणून उठतात. माझ्यासमोर ह्यांना लाज वाटते, तुझ्यासमोर वाटत नाही. हे लिहिताना फार बोचतंय, पण आहे ते असं आहे. म्हणून सोमवारी एवढंच कर, पेन्सिल खिशात ठेव आणि ह्यांच्याकडे बघ. मी ह्यांना ओळखते, खोटी पट्टी खोक्यात टाकण्याआधी हे स्वतःहून उठतील आणि साहेबांना खरं सांगतील. आपल्या माणसांत बसून सांगतील, तेवढं तरी ह्यांच्या पदरात पडू दे. रागावले तर तुझ्यावर दोन दिवस रागावतील, माझ्यावर कदाचित कायमचे, कारण हे पत्र मी त्यांच्यापासून लपवणार नाही. मंगळवारी डबा नेहमीसारखा भरीन, तुझ्या पातेल्यातला. आणि एवढं सांगूनही सोमवारी ती पेन्सिल टेबलावर आलीच, तर माझा पहिला संशयच खरा होता, असं मी धरून चालेन.

तुझीच, पण सोमवारपर्यंत अर्धीच,
डबा भरणारी