म्हसोबापासून मोजणी

३ फरवर्दी
मोजणीचा सरकारी अमीन साखळी घेऊन गावात. नवा कायदा म्हणे: रानाच्या दर कोपऱ्याला जुन्या दप्तरात दोन आकडे, त्यावरूनच हद्द टाकायची, शिवेवरच्या सरकारी धोंड्यापासून उगवतीला किती, उत्तरेला किती. बांध, झाड, वहिवाट काही बघायचं न्हाई. म्हणलं, आमचे डोळे फुटलेत का? तर म्हणतो, "कायदे में आँख नहीं लिखी, पंत." मुडदा बशिवला त्याचा.

५ फरवर्दी
माझी विहीर गजाननच्या रानात! मावळतीकडचा शेजारी, सख्खा चुलतभाऊ. बांधावर उभा राहून दात काढून राहिला. "दादा, पाणी लागलं तर मागत जा." हरामखोर. माझ्या बापानं सुरुंग लावून फोडलेली विहीर ती.

६ फरवर्दी
अख्खं शिवारच उगवतीला सरकलंय. पण एका अंगानं गेलं तेवढं दुसऱ्या अंगानं आलं, म्हणून गाव गप्प. बांधाला लागून विहीर एकट्या माझीच.

सरकारी धोंडा कसला, शेंदूर थापून म्हसोबा केलाय लोकांनी. जेवताना त्याला शिव्या घातल्या तर आई कडाडली. "नावं ठेवू नकोस! तुला देवी आल्या तवा नवस केलता. बिचारा उन्हात तापत होता. मी न् तुझ्या बापानं पहारीनं हलवून उगवतीच्या लिंबाखाली बसवला."

म्हणजे धोंडा सरकला तेवढंच शिवार सरकलं!

७ फरवर्दी
अमीन म्हणतो, ज्यानं हलवला त्यानं हलफ, म्हंजे शपथ, घेऊन मूळ जागा दाखवावी, फेर मोजतो. परवा तंबू उठणार. बाप गेला. राहिली आई.

आई: "परत उन्हात टाकू? तू वाचलास तो त्याच्यामुळं." मी म्हणलं, मेलो असतो तर विहीर तरी राहिली असती. जेवली न्हाई. न जेवू दे. लई संताप...

८ फरवर्दी, मंगळवार
आई दर मंगळवारी त्याच विहिरीच्या पाण्यानं म्हसोबाला आंघोळ घालती. आज गजाननानं आडवलं. "काकू, इचारून भरत जा." रिकामी कळशी घेऊन परत आली.

आता तिनं गाडी जुंपायला सांगितलंय, पहार टाक म्हणाली. कुठं जायचं ते सांगंना. म्हसोबाची वाट न् अमीनाच्या तंबूची वाट ओढ्यापर्यंत एकच हाय; पुढं ती कुठं वळती, तवाच कळंल.