"कोण" विचारायचं नाही

सोमवार, ३

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क कुणी ओरडलं नाही! जुन्या ऑफिसात साहेबांचा दिवसच माझ्या नावाने खडे फोडल्याशिवाय उजाडायचा नाही. सर्व्हर पडला की मी, कॉफीचं मशीन बिघडलं की तेही मीच. इथे खिडकीशी टेबल, दोन स्क्रीन आणि पाठीला खरोखर आधार देणारी खुर्ची. काम दवाखान्यांचं: पेशंटने फोनवर बघायचं, डॉक्टरांची वेळ घ्यायची, ते सगळं आमचं सॉफ्टवेअर चालवतं.

टीम लीडचं मी लगेच नाव ठेवलं, गोडबोल्या. त्याने नियम समजावले. एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे सरकत नाही. बदल लहान लहान करायचे. अडलं तर विचारायचं, कुणी हसत नाही. आणि काही बिघडलं तर "का" विचारायचं, "कोण" विचारायचं नाही. दोष माणसाचा नसतो, पद्धतीचा असतो, म्हणाला. मला भरूनच आलं.

सध्या ताईकडे राहते, तिला सगळं सांगितलं. एवढं गोड असेल तर मुंग्या लागतील, जपून राहा, म्हणाली. तिची जीभ माझ्याहून तिखट आहे.

गुरुवार, ६

सकाळी सगळे गोल करून उभे राहतात आणि काल काय केलं ते एकेका वाक्यात सांगतात. मी म्हटलं, मी काल शोधयादीतली चूक काढली. सगळे गप्प. रागाने नव्हे, हसत. हसतच राहिले. शेवटी शेजारचा दाढीवाला माझ्या कानाशी लागला, की इथे "मी" म्हणत नाहीत, "आपण" म्हणतात. बरं बाबा, आपण काल चूक काढली. लगेच गोल सुटला.

दाढीवाला चांगला आहे. दिवसभर दोघांनी एकाच कीबोर्डवर काम केलं. त्याचा लेक सहा वर्षांचा आहे, पुढचा दात हलतोय, पण कुणाला हात लावू देत नाही. ऑफिसात घरचं बोलणारा हा एकटाच. माझ्या फोनवरून त्याने बायकोला फोनही लावला, दात पडला का म्हणून.

बुधवार, १२

डोकं फिरलंय. मी आठवडाभर मान मोडून डॉक्टरांच्या यादीचा वेग वाढवला. आधी तोंड धुऊन यावं एवढा वेळ लागायचा, आता बोट उचलायच्या आत यादी हजर. आज सगळ्यांना ते दाखवताना गोडबोल्या म्हणाला, आपण छान केलं. आपण! हा तर सुट्टीवर होता!

कुठली ओळ कुणी लिहिली याची नोंद कोडमध्ये आपोआप राहते. ती उघडली. माझ्या ओळींसमोर लेखक म्हणून "आपण". दाढीवाल्याच्या ओळींसमोरही "आपण". मागे मागे जात राहिले, तेच. अगदी तळाशी वेगवेगळी नावं सापडली, एकेक करून बंद होत गेलेली. ही सगळी माणसं सोडून गेली वाटतं, असं मी गोडबोल्याला म्हटलं.

छे, सगळे इथेच आहेत की, असं तो म्हणाला.

शुक्रवार, १४

दाढीवाल्याने एक बदल कुणाला न दाखवता थेट चालू सिस्टिमवर टाकला. सकाळभराच्या सगळ्या वेळा पुसल्या गेल्या. दवाखान्यांचे फोनवर फोन. तो घामाने निथळत होता, आणि बाकीचे त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. जुन्या ऑफिसात त्याची सालटीच काढली असती. खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटला.

दुपारी बैठक झाली. वेळा का पुसल्या? कारण बदल कुणी वाचला नव्हता. का नव्हता? कारण घाई होती. घाई का? कारण लवकर घरी जायचं होतं. का? कारण मुलाला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. आपणच का न्यायचं? असं विचारून सगळे खुर्चीत पुढे झुकले. दाढीवाला गोंधळला. म्हणाला, अहो, तो माझा मुलगा आहे.

गोडबोल्याने फळ्यावर "माझा" असं लिहिलं आणि त्याच्याभोवती गोल काढला. मूळ कारण सापडलं होतं. त्याखाली उपाय लिहिला: काढून टाकणे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. का वाजवल्या, देव जाणे.

सोमवार, १७

तीच दाढी, तोच चष्मा, तोच शर्ट. पण तो नाही. दात पडला का विचारलं, तर छान हसून म्हणाला, कुणाचा?

दुपारी त्याच्या बायकोचा माझ्या नंबरवर फोन आला. शुक्रवारपासून तो घरी आलेला नाही. मी म्हटलं, वहिनी, हे काय, माझ्या शेजारीच बसलेत, देते. त्याने फोन घेतला, आपण मजेत आहोत, म्हणाला, आणि परत दिला. ती रडत होती. हे ते नाहीत, हे भलतेच कुणीतरी आहेत, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

तिचं खरंच होतं: त्याच्या तोंडून आलेला आवाज गोडबोल्याचा होता. ही नोकरी गेली खड्ड्यात. मला हे व्हायचं नाही.

बुधवार, १९

राजीनामा पाठवला. तो तपासायला गेला! इथे काहीही दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे सरकत नाही ना. प्रेमळ सूचनांसह परत आला. "मी"च्या जागी "आपण" चालेल का? "सोडत आहे" थोडं कठोर वाटतं. शेवटी राहिलं ते असं: आपण कुठेही जात नाही आहोत.

सगळ्यांनी मंजूर केलं. मंजूर करणाऱ्यांत माझाही अंगठा होता. मी दिला नव्हता.

गुरुवार, २०

तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरांच्या यादीच्या फाइलच्या डोक्यावरच लिहिलं, हे मी लिहिलंय, आणि खाली माझं पूर्ण नाव. कुणाला न दाखवता चालू सिस्टिमवर ढकललं.

सगळं बंद पडलं. एक नाव लिहिलं म्हणून.

कुणी ओरडलं नाही. एक जण येऊन पाठीवरून हात फिरवायला लागला. मग दुसरा. ओरडा ना, मेल्यांनो. शिव्या द्या. माझ्या नावाने खडे फोडा —

बैठक उद्या.

शुक्रवार, २१

गेले नाही. ताईला सगळं सांगितलं. ती हसली नाही. कोण मेला येतो ते बघतेच, म्हणाली, आणि दाराला साखळी लावून बसली. जिवात जीव आला.

दुपारी मेल. बैठक झाली. आपण हजर होतो म्हणे. मूळ कारणाच्या जागी एकच अक्षर, गोलात.

उपायही लिहिलाय.

शनिवार, २२

आरशात बघितलं. चेहरा ठीक आहे. नाव मोठ्याने म्हणायला गेले तर — खोकला आला. नुसता खोकला.

ताई दोनदा बघून गेली. दुसऱ्यांदा जरा जास्त वेळ बघत होती.

रविवार, २३

दूध संपलं होतं. आपण खाली जाऊन आलो.

वरची ओळ आत्ता वाचली. अशी लिहिली नव्हती. खोडून पुन्हा लिहिते. आपण खाली — नाही. नाही —

वही सोबत नेली होती, किल्ली मात्र आतच राहिली. दार वाजवलं. ताईने साखळी न काढता उघडलं. फटीतून बघितलं. जन्मात कधी "अगं ए"शिवाय हाक मारली नाही हिने. ओरडली असती तरी चाललं असतं.

पदर सावरला तिने. परक्या माणसाशी बोलावं तसं, आदराने, विचारलं, आपण कोण?

सांगायचं काय, तर एकच अक्षर. जिन्यात उभं राहून लिहून बघतेय, लिहिता आलं तर म्हणता येईल. ती वाट बघतेय. साखळी हातात धरून. सांग. सांग तिला, की —

ताई, आपण —