अर्धा कप चहा

पनवेल, गुरुवार, संध्याकाळ

काल सकाळी दूध तापवलं, तुळशीला पाणी घातलं आणि रोजच्यासारखा दोघींचा चहा गाळला. हे गेल्यापासून मला एकटीला चहा जात नाही, म्हणून सून मेघना समोर बसते.

"आई, आज नको. आयव्हीएफसाठी एग्ज काढायची आहेत, उपाशी यायला सांगितलंय."

"अगं, चहाने कधी उपास मोडतो का?"

माझ्यासाठी तिने अर्धा कप घेतला.

दवाखान्याचा कागद मी दोनदा वाचला होता. पाण्याचा घोटही नको, असं त्यात होतं. एवढं वाचते, उपयोग काय?

"शिकलेल्या ना तुम्ही? चहा कसला पिता?" दवाखान्यात चहाचं कळताच सिस्टर तिच्यावर ओरडली.

"चुकलं माझं," मेघना म्हणाली. मी शेजारीच उभी.

पोटात चहा, म्हणून पूर्ण भूल देता येईना आणि थांबलं तर स्त्रीबीजं हातची जाणार. मुलासाठी इतके दिवस पोटात सुया टोचून घेतलेल्या पोरीची. शेवटी जागेपणीच काढली. तिचं कण्हणं बाहेर ऐकू येत होतं. अर्धा कप, तोही माझ्या आग्रहाचा. मी तोंड का उघडलं नाही?

आज सकाळी एकटीच दवाखान्यात गेले आणि सिस्टरला सांगितलं, चहा मी दिला होता.